व्यक्तिमत्त्व विकाराची प्रश्नावली विदर्भातल्या खेड्यात नेताना

प्रश्न: मी मनोविकारशास्त्रात एम.डी. करतो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब आणि राळेगाव तालुक्यांतल्या गावांत व्यक्तिमत्त्व विकारांचं प्रमाण किती आहे हे थीसिससाठी पाहायचं आहे. आय.पी.डी.ई. या व्यक्तिमत्त्व विकारांच्या तपासणीची ५९ प्रश्नांची स्क्रीनिंग प्रश्नावली मराठीत आणायची, तिचं उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा इंग्रजीत) करून घ्यायचं, २०० लोकांना ती विचारायची आणि क्रॉनबाख अल्फा हा सांख्यिकी निर्देशांक काढायचा, असा बेत आहे. एवढ्याने व्हॅलिडेशन झालं असं म्हणता येईल का? आणि भाषा प्रमाण ठेवावी की वऱ्हाडी?

उत्तर:

डॉक्टर, एवढ्याने व्हॅलिडेशन होत नाही, म्हणजे प्रश्नावली जे मोजायचं तेच मोजते हे सिद्ध होत नाही. थीसिसचा सिनॉप्सिस अजून गेलेला नसेल, तर तोवर आराखडा बदला.

अल्फा फक्त एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळून येतात. कशामुळे जुळतात, ते सांगत नाही. दोन वर्षं पऱ्हाटी (कपाशी) हातची गेलेल्या, बँकेची नोटीस आलेल्या २०० माणसांना राग, काळजी, अविश्वास आणि एकटेपणाबद्दल विचारलंत तर उत्तरं छान जुळतील आणि अल्फा उत्तम येईल. तुम्ही मात्र त्या गावाचं कर्ज मोजलेलं असेल. खेड्यातल्या व्हॅलिडेशनमध्ये सगळ्यात जड काम हेच आहे. ज्यांना जास्त गुण पडले ते खरोखर वर्षानुवर्षं स्वतःच्या स्वभावापायी स्वतः पोळलेले आणि इतरांना पोळवणारे लोक आहेत, हे दाखवावं लागतं. गरीब, कर्जबाजारी, नव्याने नांदायला आलेल्या किंवा गावाने दूर ठेवलेल्या माणसांनाच ते गुण पडलेले नाहीत, हेही दाखवावं लागतं. भाषांतर त्याच्यापुढे सोपं आहे.

ही माझी एकटीची काळजी नाही. आय.सी.डी.-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या व्याख्येतच अट आहे की वागण्याची ती तऱ्हा प्रामुख्याने सामाजिक किंवा सांस्कृतिक कारणांनी, सामाजिक-राजकीय संघर्षानेसुद्धा, समजावून देता येणारी नसावी. निदान करताना आपण ही अट डोक्यात ठेवतो. प्रश्नावलीला डोकं नसतं, म्हणून ती अट प्रश्नावली बनवतानाच आत घालावी लागते.

आधी मोठं चित्र सांगते, कारण तुमचा आकडा शेवटी त्याच्याशीच ताडला जाणार आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२० साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत आलेल्या अभ्यासात व्यक्तिमत्त्व विकारांचं प्रमाण ७.८ टक्के निघालं. श्रीमंत देशांत ते ९.६ होतं आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ४.३. हा फरक खरा आहे की मोजण्याच्या साधनांमुळे पडला आहे, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. एकत्र कुटुंब आणि गावकी काही माणसांना सांभाळून घेत असेल. आपले प्रश्न इथल्या माणसांचा त्रास पकडतच नसतील, असंही असेल. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. ‘आय.पी.डी.ई. भारतात आधीच तपासलेली आहे’ असं कुणी म्हणालं तर तेही पूर्ण पाहून घ्या. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अभ्यासात ११ देशांतली १४ केंद्रं होती आणि बंगळूर त्यांतलं एक होतं, हे खरं. पण ते ७१६ जण रुग्ण होते आणि त्यांच्या मुलाखती तज्ज्ञांनी समोर बसून घेतल्या होत्या. ओसरीवर बसलेल्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या बाईला आशाताईने वाचून दाखवलेले ५९ प्रश्न हा वेगळाच प्रसंग आहे.

म्हणून साधनापासूनच सांगते. ५९ प्रश्न खेड्यात नेऊ नका. ते वाचून स्वतः खुणा करणाऱ्या माणसासाठी बनलेले आहेत. तुमच्याकडे निम्म्या ठिकाणी तरी ते मोठ्याने वाचावे लागतील, आणि विसाव्या प्रश्नानंतर माणूस ‘हो, हो’ म्हणत सुटतो. निंदणाच्या दिवसांत सकाळी वावरात निघालेली बाई तेवढा वेळ बसणारही नाही. शिवाय ती प्रश्नावली आय.सी.डी.-१० च्या वर्गांवर बेतलेली आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आय.सी.डी.-११ ने ते वर्ग जवळजवळ सगळे मोडीत काढले. आता आधी तीव्रता पाहायची: सौम्य, मध्यम की तीव्र. मग हवं तर गुणविशेष जोडायचे. आज सुरू होणारा थीसिस जुन्या वर्गांवर उभा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गावात चाळणीसाठी सॅपास ही प्रश्नावली वापरा. २००३ साली मोरान आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली आठच प्रश्नांची आहे, तोंडी विचारता येते आणि ती कोणत्याही एका वर्गाला बांधलेली नाही. तीव्रतेसाठी बाख आणि सहकाऱ्यांनी आय.सी.डी.-११ साठी केलेली १४ प्रश्नांची मोजपट्टी दवाखान्यातल्या रुग्णांवर सोबत घेता येईल. आय.पी.डी.ई. ठेवायचीच असेल तर तिची मुलाखत ठेवा, ताडून पाहण्यासाठी. कोणतंही साधन घ्या, मूळ कर्त्यांची किंवा संस्थेची लेखी परवानगी सगळ्यात आधी मागवा. तिला महिने लागू शकतात.

आता त्या आठ प्रश्नांकडे खेड्यातून पाहू. खरं काम इथे आहे.

पहिल्या दोन प्रश्नांचा आशय असा, की मित्र जोडणं-टिकवणं अवघड जातं का, आणि माणूस बहुतेक वेळ एकटाच असतो का. राळेगावच्या बाजूला लग्न होऊन आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला हे विचारा. तिच्या मैत्रिणी माहेरच्या गावात राहिल्या किंवा त्याही दुसरीकडे नांदायला गेल्या. सासरी जावा आहेत, नणंद आहे, बचत गटातल्या बाया आहेत, वेचणीला सोबत जाणाऱ्या आहेत. यांना ती मैत्रिणी म्हणेलच असं नाही. ती सरळ ‘नाही, कोणी नाही’ म्हणते आणि तिला एक गुण पडतो. तो गुण तिच्या स्वभावाचा नाही, लग्नाचा आहे. इथे विचारायला हवं ते असं, की ज्यांच्यात उठबस आहे त्यांच्याशी जमतं का, की प्रत्येक ठिकाणी थोड्या दिवसांत बिनसतं. आणि हे माहेरीही तसंच होतं का. एकटेपणाचंही तसंच. घरात नऊ माणसं असताना कुणी ‘मी एकटाच असतो’ म्हणत नाही. पण जेवणाचं ताट घेऊन गोठ्यात जाणारा, पोळ्यालाही पारावर न येणारा माणूस गावाला माहीत असतो. त्या माणसाबद्दल प्रश्न असा हवा, की चार माणसांत बसायला तो टाळाटाळ करतो का.

तिसरा प्रश्न लोकांवर भरवसा ठेवण्याचा. बोगस बियाणं घेऊन फसलेला, सावकाराच्या कागदावर अंगठा देऊन वावर गमावलेल्या बापाचा मुलगा ‘नाही’ म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. तो अविश्वास व्यापाऱ्यापुरता, सावकारापुरता आहे की सख्ख्या भावाने आणलेल्या चहावरही आहे, हे वेगळं करता आलं पाहिजे. पूर्वचाचणीत या प्रश्नानंतर नेहमी ‘कोणावर नाही? घरच्यांवर तरी?’ असं विचारून पाहा. मुख्य प्रश्नातच ‘आपल्या माणसांवरसुद्धा’ हे घालावं लागेल असं मला वाटतं.

काळजीचा प्रश्न ऑगस्टमध्ये विचाराल तर पाऊस लांबलेल्या गावात शंभर टक्के ‘हो’ येईल. मार्चअखेरच्या वसुलीतही तेच. प्रश्न पीक चांगलं आलेल्या वर्षाशी जोडा: ‘सगळं ठीक असतानाही काळजी सुटत नाही का?’ दुसऱ्यांवर अवलंबून राहण्याचा प्रश्न तर एकत्र कुटुंबात जवळजवळ कोलमडतो. बापाला न विचारता बैल न विकणारा चाळिशीतला मुलगा कमकुवत नसतो, तो घरची रीत पाळतो. नवऱ्याला विचारल्याशिवाय दवाखान्यात न जाणाऱ्या बाईचंही तेच. रीत सोडून उरलेलं अवलंबन शोधायचं. जे निर्णय या घरात त्या वयाची, त्या नात्याची माणसं आपले आपण घेतात, तेही या माणसाला घेता येत नाहीत का? नीटनेटकेपणाच्या प्रश्नाला सगळे हसून ‘हो’ म्हणतात, कारण इथे तो सद्गुण आहे. त्यापायी काम अडतं का, घरातल्यांशी खटके उडतात का, असं विचारलं तरच तो प्रश्न उपयोगाचा ठरतो. राग आणि उतावळेपणाचे प्रश्न बऱ्यापैकी चालतात. पुरुषांच्या बाबतीत मात्र दारू वेगळी काढा: ‘न पिता असताना हा माणूस कसा असतो?’ शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिथे हे उत्तर जास्तच दबकं येतं.

एवढे बदल केल्यावर ती मूळ प्रश्नावली राहिली का, असं तुमचे गाइड विचारतील. प्रश्नाचा हेतू राखून शब्द आणि प्रसंग बदलणं म्हणजेच रूपांतर. प्रत्येक बदल कशासाठी केला याची टिपण वही ठेवा आणि ती मूळ कर्त्यांना दाखवा. मुख्य प्रश्नांत कर्त्यांनी मान्य केलेलेच बदल घ्या, बाकीचे पाठपुरावा म्हणून वेगळे नोंदवा. दोन्ही प्रकारचे गुण काढता आले तर कोणता रस्ता चांगला हे तुमचीच आकडेवारी सांगेल.

मराठी व्याकरणातली एक अडचण परीक्षकांच्या लक्षात येत नाही. नकारार्थी प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ म्हटलं तर काय समजायचं? ‘तुमचं कोणाशी जमत नाही का?’ – ‘हो.’ म्हणजे जमत नाही. पण दुसरा माणूस त्याच प्रश्नाला ‘हो, जमते ना’ म्हणतो आणि घाईतला विचारणारा ‘हो’वर खूण करून मोकळा होतो. प्रत्येक प्रश्न होकारार्थी ठेवा आणि उत्तर पूर्ण वाक्यात वदवून घ्या. सॅपासमध्ये भरवशाच्या प्रश्नाला गुण ‘नाही’ला आहे, बाकी सातांना ‘हो’ला. तो एकच उलटा प्रश्न तुमची झडती घेईल. ‘साहेबांच्या’ प्रत्येक प्रश्नाला मान डोलावणारी माणसं त्यातून ओळखूही येतात, म्हणून तो सरळ करून टाकू नका.

काळाचा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा. आय.पी.डी.ई.त लक्षण किमान ५ वर्षं असावं लागतं आणि त्या विकाराचा एक तरी निकष वयाच्या २५ च्या आत दिसलेला असावा लागतो. आय.सी.डी.-११ ला साधारण २ वर्षं पुरतात. ‘गेल्या पाच वर्षांत’ या शब्दांनी खेड्यात काहीच आठवत नाही. गावाचं घटनापत्रक करा: नोटबंदी, म्हणजे २०१६, गुलाबी बोंडअळीने कापूस नेला आणि फवारणीने माणसं दगावली ते २०१७, कोरोनाचा लॉकडाऊन, २०२०. त्याला जोडून ज्याचं त्याचं: लग्न, थोरलं लेकरू, वडील गेले ते साल. ‘बोंडअळीच्या वर्षाच्या आधीही हा असाच होता का?’ या प्रश्नाला आजीसुद्धा ठाम उत्तर देते.

काळ नीट विचारण्याचं दुसरं कारण नैराश्य आहे. नैराश्यातला माणूस स्वतःचा सगळा भूतकाळ काळ्या रंगात सांगतो आणि प्रत्येक स्वभावप्रश्नावर गुण मिळवतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्रीत आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले पाचजणही मदतीसाठी कुणापर्यंत पोहोचलेले नव्हते. प्रकल्पानंतर ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. तुमच्या गावांत असे उपचाराविना राहिलेले लोक असणारच. म्हणून सोबत पी.एच.क्यू.-९ ही नैराश्याची प्रश्नावली घ्या. ज्यांना नैराश्य निघेल त्यांच्यावर आधी उपचार करा, आणि बरं वाटल्यावर काहींना स्वभावाचे प्रश्न पुन्हा विचारा. गुण किती उतरतात ते थीसिसमधलं सगळ्यात वाचनीय कोष्टक होईल.

आता जातीकडे येते, कारण ती टाळून हा विषय होत नाही. लोक आपल्याला हिणवतात, आपल्यावर टपलेले असतात, असं पारध्याच्या बेड्यावरचा माणूस म्हणाला तर त्याला संशयी म्हणायचं का? १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना १९५२ साली त्या शिक्क्यातून मोकळं केलं, पण गावात चोरी झाली की पहिली झडती कुठे होते हे तुम्हाला माहीत आहे. कायदा मोडण्याचे, अटक होण्याजोग्या वागण्याचे समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निकष त्या वस्तीवर लावले तर पोलिसांचं वागणं त्या माणसांच्या नावावर जमा होईल. तिथे अटकेऐवजी आपल्याच वस्तीतल्या माणसांशी केलेली दगाबाजी, निर्दयता, पश्चात्तापाचा अभाव विचारा. आपल्या बेड्यावर अमुक माणूस कसा आहे हे तिथली माणसं अगदी स्वच्छ सांगतात.

अंगात येणं, करणी, देवीचा कौल यांबद्दल फार लिहीत नाही. असे विश्वास ज्यात मोजले जातात तो स्किझोटायपल विकार आय.सी.डी.-१० मध्ये व्यक्तिमत्त्व विकारांत नाहीच, तो स्किझोफ्रेनियाच्या गटात आहे. डी.एस.एम. या अमेरिकन वर्गीकरणाच्या प्रश्नावल्या वापरणाऱ्यांनाच तो भेटतो. नवरात्रात अंगात येणारी बाई बाकीचे दिवस घर चालवत असेल तर आपल्याला तिथे काही काम नाही.

माहितगारावर मात्र वेळ द्या. स्वभाव माणसाला स्वतःला कमी दिसतो आणि घराला जास्त. सॅपास ज्या मूळ मुलाखतीतून आली ती मान आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली केलेली सॅप ही जवळच्या माणसालाच विचारण्याची मुलाखत होती. आपल्या खेड्याला ती पद्धत फार शोभते. फक्त माहितगार कोण, हे शिस्तीने ठरवा. सुनेबद्दल फक्त सासूला विचारलंत तर तुम्ही सासूचं मत मोजाल. विवाहित बाईसाठी माझा नियम असा: एक माणूस माहेरचा, एक सासरचा. माहेरचा भाऊ किंवा आई तिला लग्नाआधी ओळखत असते, त्यामुळे २५ च्या आतला पुरावाही तिथेच मिळतो. फोनवर चालतं. दोघांचं चित्र जुळलं तर बहुधा स्वभावाचं आहे. माहेरी हसतखेळत आणि सासरी भांडखोर असेल तर आधी घरात मारहाण आहे का ते शांतपणे शोधा. पुरुषासाठी बायको सगळ्यात जास्त जाणते, पण ओसरीवर दीर बसलेला असताना ती बोलणार नाही. तिला विहिरीवर, वावराच्या बांधावर, आरोग्य उपकेंद्रात, कुठेही पण एकटीला भेटा. सालदाराबद्दल त्याच्या मालकाला कधीही विचारू नका.

भाषेबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही ठेवा, पण एकात मिसळू नका. छापील प्रत सोप्या प्रमाण मराठीत, कारण ती इतर जिल्ह्यांतही जाईल. विचारण्याची प्रत वऱ्हाडीत, आणि तीही लिहून, ठरवून. विचारणाऱ्याने ऐनवेळी मनाने वऱ्हाडी करायची नाही, नाहीतर पाच जण पाच प्रश्न विचारतील. ‘तुमाले लवकर राग येते का?’ हे कागदावर तसंच असू द्या. कळंब-राळेगावला ही प्रत चालेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीबोलीत ती न तपासता नेऊ नका. कोलामांच्या पोडावर (वस्तीवर), किंवा घरात गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावर, मराठी येते म्हणून हीच प्रत वापरून त्यांना बाकीच्यांत मोजू नका. कोलामी ही द्राविडी भाषा आहे आणि स्वभावाबद्दल माणूस घरच्या भाषेत बोलतो. एका थीसिसमध्ये ते पेलणार नाही. त्यांना वगळलं असं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला काम दिसेल.

भाषांतराची रीत तुम्हाला माहीत आहे: दोन स्वतंत्र भाषांतरं, तज्ज्ञांची बैठक, उलट भाषांतर, पूर्वचाचणी. उलट भाषांतर १९७० पासून, ब्रिस्लिनच्या लेखापासून, रूढ आहे आणि एथिक्स कमिटीला ते लागतंच. पण उलट भाषांतर करणारा इंग्रजी उत्तम येणारा माणूस असतो. त्याला मूळ वाक्य ओळखू येतं आणि तो वाईट मराठीतूनही चांगलं इंग्रजी काढून देतो. माझा भर पूर्वचाचणीवर आहे. दहा-पंधरा माणसं घ्या. त्यांत न शिकलेली बाई, सालदार, शिक्षक, म्हातारा, नवी सून असू द्या. प्रश्न विचारा आणि म्हणा, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा. उत्तर देताना कोणता प्रसंग आठवला?’ प्रसंग ऐकला की प्रश्न कुठे घसरला ते लगेच कळतं. दुरुस्त करा आणि नव्या माणसांबरोबर पुन्हा करा. बैठकीत एक आशाताई आणि एक बरा झालेला रुग्ण बसवा. डॉक्टरांनाच बसवलंत तर प्रश्नावली डॉक्टरांसारखी बोलेल.

आता ताडून कशाशी पाहायचं ते. स्पिट्झरने १९८३ मध्ये ‘लीड’ नावाचा निकष सुचवला: बराच काळ पाहिलेलं, तज्ज्ञाने केलेलं, सगळी माहिती वापरून ठरवलेलं निदान. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: मुलाखत प्रशिक्षित डॉक्टर घेईल, त्याला प्रश्नावलीचे गुण माहीत नसतील, माहितगाराचं म्हणणं आणि जुने केसपेपर त्याच्यापुढे असतील. काही मुलाखतींना दोन डॉक्टर बसवून त्यांचा कापा, म्हणजे दोघांचं किती जुळतं याचा आकडा, काढा. दोघांचंच जुळत नसेल तर प्रश्नावलीला दोष देण्यात अर्थ नाही.

संख्या इथूनच निघते. संवेदनशीलता, म्हणजे विकार असलेल्यांतले किती सापडतात ते प्रमाण, ९० टक्क्यांच्या आसपास धरली आणि ती सात टक्क्यांच्या आतबाहेर सांगायची असेल तर विकार खात्रीने असलेले सुमारे ७० लोक लागतात. गावात प्रमाण ५ टक्के धरलं तर तेवढ्यांसाठी १,४०० लोकांच्या पूर्ण मुलाखती घ्याव्या लागतील. ते तुमच्याने होणार नाही. म्हणून वैधतेचा अभ्यास ओ.पी.डी.त, व्यसनमुक्ती केंद्रात आणि विष घेऊन वॉर्डात आलेल्या, आता सावरलेल्या रुग्णांत करा, आणि त्याला गावातल्या लोकांचा गट जोडा. गावात चाळणीत सापडलेले सगळे आणि न सापडलेल्यांतले चिठ्ठ्या टाकून निवडलेले काही, अशा दोघांच्याही मुलाखती घ्या. न सापडलेल्यांना सोडून दिलं तर सुटलेले किती ते कळतच नाही आणि साधन आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

सॅपासचा ३ हा कट-ऑफ (किती गुणांपासून ‘सापडला’ म्हणायचं ती रेघ) तसाच उचलू नका. तो ब्रिटनमधल्या ६० मनोरुग्णांवर ठरला होता. तिथे संवेदनशीलता ०.९४ आणि विशिष्टता, म्हणजे विकार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण, ०.८५ निघाली. हेच आकडे तुमच्या गावातही टिकले असं समजू. १,००० लोकांत ५० जणांना विकार असेल, त्यांतले ४७ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी सुमारे १४३ लोकांवर चुकीची खूण होईल. म्हणजे १९० जणांत खरे ४७, चौघांत एक. चाळणीच्या आकड्याला ‘गावातलं प्रमाण’ म्हणून छापलंत तर गाव चौपट आजारी दिसेल. हे शीर्षकातच सांभाळा.

बाकीची गणितं लवकर उरकतात. हो-नाही प्रश्नांच्या अल्फाला कुडर-रिचर्डसन म्हणतात, सॉफ्टवेअर तेच देतं. आठ वेगवेगळ्या स्वभावांचे प्रश्न असताना तो फार उंच येण्याची अपेक्षाच चूक आहे. दोन आठवड्यांनी काही जणांना पुन्हा विचारा, मधे पेरणी किंवा लग्नसराई येऊ देऊ नका. एक विश्लेषण मात्र सोडू नका: एकूण गुण सारखे असलेल्या स्त्री-पुरुषांत, शिकलेल्या-न शिकलेल्यांत, कर्ज असलेल्या-नसलेल्यांत एखाद्या प्रश्नाला ‘हो’ येण्याचं प्रमाण वेगळं आहे का? मँटेल-हेन्झेल या सांख्यिकी चाचणीने ते निघतं. वर ज्या धोक्याबद्दल इतकं लिहिलं तो आकड्यांत दिसतो तो इथेच. कर्जदारांत काळजीचा प्रश्न वेगळा वागला तर तो लपवू नका, कोष्टकात द्या.

शेवटी सुरक्षितता. स्वतःला इजा करण्याबद्दल कुणी ‘हो’ म्हणालं तर त्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हे त्याच भेटीत विचारायचं आणि ते कुलपात जाईल किंवा शेजारी जाईल असं पाहायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, आणि त्या आठवड्यात त्या माणसाला कोण भेटणार ते नावानिशी ठरवा. प्रयत्न केल्याचं सांगितल्यावर पोलीस केस होईल या भीतीने लोक गप्प राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं ११५ वं कलम, म्हणजे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याच्यावर खटला चालवायचा नाही, हे त्यांना सोप्या शब्दांत समजावून सांगा.

कागद सांभाळा, विशेषतः बायकांचे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि त्यात सायकोपॅथिक डिसऑर्डरचा उल्लेख व्याख्येसह आहे. नावासहित ‘व्यक्तिमत्त्व विकार: हो’ असं लिहिलेला तुमचा एक फॉर्म उद्या कुणाच्या वकिलाच्या हाती लागू शकतो. नावं आणि उत्तरं वेगळ्या कपाटांत, क्रमांकाने जोडलेली. गुण आशाताईलाही कळता कामा नयेत. ती त्याच गावची, त्याच भावकीतली असते. चाळणीत सापडलेल्या माणसाला गावात कुठलंच निदान सांगायचं नाही. ‘तुमच्याशी अजून थोडं निवांत बोलायचं आहे’ एवढंच सांगून तालुक्याच्या दवाखान्यातली तारीख द्या, जाण्या-येण्याचं एस.टी.चं भाडं बजेटमध्ये धरा, आणि त्या तारखेला तुम्ही स्वतः तिथे हजर राहा.